तिसऱ्या पाळीचा ड्रमर

नेदरलँड्समधल्या न्यूनेनच्या घरात राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. खोकी दिवाणखान्यातच पडली होती, मंदार कपाट जोडून झाल्यावर उरलेल्या स्क्रूंकडे संशयानं बघत होता, आणि मी डाळीचा कुकर लावला होता. दुसरी शिट्टी झाली आणि दारावरची बेल वाजली. कुकरचीच तक्रार असणार. आइंडहोवनच्या आधीच्या फ्लॅटमध्ये खालच्या बाईंना कुकरची शिट्टी म्हणजे आगीचा भोंगा वाटायची आणि त्या धावत वर यायच्या. इथं तर भिंतीला भिंत. दार उघडलं तर उंच, किंचित वाकलेला, पांढऱ्या झिपऱ्यांचा एक म्हातारा उभा. मी त्याला तोंडच उघडू दिलं नाही. सॉरी म्हटलं, आत डाळ शिजतेय म्हटलं, रविवारी सकाळी कुकर लावणार नाही असं वचनही देऊन टाकलं.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी परवानगी मागायला आलोय."

शेजारच्या परसातल्या शेडमध्ये तो रोज दुपारी चार ते पाच ड्रम वाजवत असे. गल्लीतल्या सगळ्यांनी त्याला हो म्हटलं होतं. पण आता आम्ही नवीन आलो होतो, तेव्हा मत पुन्हा घ्यायला हवं. एकानं जरी नाही म्हटलं तरी तो वाजवणार नव्हता. मी खुशाल वाजवा म्हटलं. मंदारनं आतूनच "नो प्रॉब्लेम" असा आवाज दिला. तरी म्हातारा हलेना. माझ्यामागे उभ्या असलेल्या ईराकडे बघून त्यानं विचारलं, "आणि हिचं मत?"

ईरा तेव्हा आठ वर्षांची. तिनं डचमध्ये विचारलं, "खूप मोठ्यानं वाजवता?"

"खूप."

"मग हो."

हे ओरेस्ते. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. घरून काम करत असले की चारच्या सुमाराला माझा कान अजून त्या शेडकडे जातो.

सत्तरच्या दशकात मिलानमध्ये पाच जणांनी मिळून एक बँड काढला होता, त्यातले ओरेस्ते हे ड्रमर. बँडचं नाव तेर्झो तुर्नो, म्हणजे तिसरी पाळी. जॅझ आणि रॉकची अशी काही मिसळ, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं पाच जण पाच वेगळ्या खोल्यांत बसून वाजवतायत. जरा वेळानं कळावं की घर एकच आहे. शब्द मात्र संपाचे, घरभाड्याचे, बंद पडलेल्या कारखान्यांचे. नाव ऐकून मी हसले. माझे बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात होते, आणि तिसरी पाळी म्हणजे आमच्याकडे दिवसा ओढलेले पडदे, बंद रेडिओ आणि आईचं सतत "हळू बोला" एवढंच मला माहीत. हे मी सांगितलं तेव्हा ओरेस्तेंनी लगेच विचारलं, "बाबा युनियनमध्ये होते?" होते, म्हटलं. "म्हणजे तुम्ही आमच्यातल्या," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक वागण्याचा जाब मला त्या नात्यानं द्यावा लागला.

खरं तर आम्ही त्यांना काका म्हणायला निघालो होतो. ईरानं कपाळाला हात लावला. "आई, you can't call him that. Not here." काका या शब्दाचा डचमध्ये आणि इटालियनमध्येही लहान मुलं 'शी' असा अर्थ करतात हे तिनं समजावून सांगितल्यावर आम्ही नुसत्या अहो-जाहोवर समाधान मानलं. ओरेस्तेंना हे कळलं तेव्हा ते हसून हसून खोकत बसले.

सुपरमार्केटमध्ये त्यांच्याबरोबर जाणं ही एक शिक्षा होती. स्वतःच सामान स्कॅन करायची यंत्रं रिकामी असायची, आणि ओरेस्ते एकुलत्या एका माणसाच्या काउंटरवर जाऊन रांगेत उभे राहायचे. दूध असो की नुसती कोथिंबीर. "ते यंत्र संपावर जात नाही, म्हणून आणलंय," ते रांगेतल्या लोकांना सांगायचे. डच माणसं नम्रपणे मान हलवून यंत्राकडे जायची. एकदा त्यांनी एका गृहस्थाला पटवलं आणि तो परत रांगेत आला. त्या दिवशी घरी येईपर्यंत ओरेस्ते सायकलच्या हँडलवर बोटांनी ताल धरत होते.

बोटं थांबायचीच नाहीत. टेबल, बशी, बसस्टॉपचा खांब, जे हाताला लागेल ते वाजायचं. त्यांची डच बायको मार्यका हयात होती तेव्हा म्हणे तिनं स्वयंपाकघरातली सगळी काचेची भांडी त्यांच्या हातापासून दूर, वरच्या फळीवर ठेवली होती. बँड मोडल्यावर तिच्यामागे ते इथं आले, आयुष्यभर संगीतशाळेत मुलांना ड्रम शिकवले, आणि ती गेल्यावरही भांडी वरच्या फळीवरच राहिली.

माझ्याशी त्यांचं कायमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मी शनिवारी लॅपटॉप उघडून बसले की कुंपणापलीकडून प्रश्न यायचा, "आज काम का? युनियन कुठंय तुमची?"

"ओरेस्ते, मी परमिटवर आहे इथं."

"मी ज्यांच्यासाठी वाजवलं ते सगळे कुठल्या ना कुठल्या परमिटवरच होते."

मी लॅपटॉप आत नेऊन बसायचे. काम करायचेच, पण पडदा ओढून.

तेर्झो तुर्नोचे नियम त्यांना तोंडपाठ होते, आणि बँड मोडून चार दशकं होऊन गेली तरी त्यांच्यापुरते ते चालूच होते. ज्या सभागृहात वाजवायचं ते आधी स्वतः झाडायचं. ज्यांच्यासाठी वाजवायचं त्यांच्याबरोबर आधी जेवायचं. आणि कुठलाही निर्णय बहुमतानं नाही, एकमतानं. "बहुमत म्हणजे हरलेल्यांना गप्प बसवायची सभ्य पद्धत," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, या हिशोबानं आमच्या मंडळाच्या गणपतीतला जेवणाचा मेनूसुद्धा ठरायचा नाही. "मग ठरेपर्यंत बोला," ते म्हणाले. त्या वर्षी मी खरंच मीटिंगमध्ये तसा प्रयत्न करून पाहिला. अळूवडी हवी की बटाटेवडा यावरून दोन कुटुंबं अजून एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

एकमताची सर्वांत मोठी किंमत त्यांना मोजायला लावली ती ब्रूनोनं. ब्रूनो म्हणजे बँडचा ऑर्गनवादक. एका मोठ्या कंपनीला त्यांची रेकॉर्ड काढायची होती, फक्त एक कडवं गाळा म्हणाले. चौघांनी मनावर दगड ठेवून हो म्हटलं, ब्रूनोनं नाही म्हटलं. रेकॉर्ड निघाली नाही. पुढं एका छोट्या कंपनीनं काढली तेव्हा दिवस बदलले होते, फारशी कोणी ऐकली नाही.

"त्या दिवशी मी त्याला मारणार होतो," ओरेस्ते म्हणाले.

"आणि आता?"

"आताही मारीन. पण त्याचं बरोबर होतं."

हाच ब्रूनो एकदा, कामगारांनी ताब्यात घेतलेल्या एका कारखान्यात कार्यक्रम चालू असताना मालकानं वीज तोडली, तेव्हा बंद ऑर्गनसमोर शेवटपर्यंत बसून राहिला होता. बास बंद, गिटार बंद. ओरेस्तेंचे ड्रम, लिदियाचा आवाज आणि कामगारांनी लोखंडी रॅकवर पान्यांनी धरलेला ताल, एवढ्यावर कार्यक्रम झाला. ब्रूनो मुक्या पट्ट्या दाबत होता, एकही स्वर न चुकता. का, तर वाजवायचं असं एकमतानं ठरलं होतं.

लिदिया त्यांची गायिका. तिच्याबद्दल ओरेस्ते फार बोलत नसत, आणि बोलले की बोटं थांबत. त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं होतं सेत्ते बोक्के, सात तोंडं. एका पगारावर जगणाऱ्या सात माणसांच्या घराचं गाणं, आणि म्हणून सात मात्रांचं. प्रत्येक मात्रा म्हणजे घरातलं एक माणूस, पहिली आईची. त्या पहिल्या मात्रेवर लिदियाचा आवाज यायचा, प्रत्येक आवर्तनात, आणि बाकी सगळं त्याच्या आधारानं उभं राहायचं. ऐन तिशीत ती आजारी पडली आणि गेली. बँड त्यानंतर काही काळ तगला, पण ते गाणं पुन्हा वाजलं नाही. एकमत झालं नाही. नाही म्हणणारा अर्थातच ब्रूनो.

मागच्या वर्षी वसंतात ओरेस्तेंच्या डाव्या हाताला कंप सुरू झाला. हाउसआर्त्सनं, म्हणजे आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरनं, तपासण्या करून सांगितलं की हा वाढत जाणार, गोळ्यांनी फक्त वेग कमी होईल. ओरेस्तेंनी घरी येऊन हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि मग म्हणाले, "सात तोंडं वाजवायचंय. हात आहे तोवर. घरी नाही, लोकांत."

त्यांना ठिकाणही मिळालं होतं. टिलबर्गच्या गोदामांत काम करणारे लोक संपावर जायच्या तयारीत होते. उद्या पाळी आहे की नाही हे त्यांना आदल्या संध्याकाळी मोबाईलवर कळायचं; मुलांना पाळणाघरात सोडायचं की नाही, हेही त्यामुळे तेव्हाच ठरायचं. त्यांना पाळ्यांचं वेळापत्रक महिनाभर आधी हवं होतं. त्यांच्या रविवारच्या सभेत ओरेस्तेंचा एक जुना विद्यार्थी होता, त्यानं बोलावलं. आता पाच जणांपैकी दोघंच उरले होते, तेव्हा एकमत करायला एकच माणूस शिल्लक होता. ओरेस्तेंनी त्याला रोज फोन करायला सुरुवात केली. भिंतीपलीकडून इटालियन आरडाओरडा ऐकू यायचा आणि ईरा म्हणायची, "Bruno says no again."

शेवटी ब्रूनो आला. "तोंडावर नाही म्हणायला आलोय," असं दारातच सांगून आला. बुटका, टक्कल पडलेला, हातात कीबोर्डची पेटी. नाही म्हणायला येणारा माणूस कीबोर्ड कशाला आणेल, असा विचार माझ्या मनात आला.

शनिवारी दुपारी मी शेडमध्ये कांदेपोहे घेऊन गेले. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मध्ये ड्रम, कोपऱ्यात ब्रूनो. त्यांचं भांडण पहिल्या मात्रेवर अडलं होतं, ते ओरेस्ते मला मधूनमधून सांगत होते. ओरेस्तेंनी तिथं झांज वाजवून दाखवली. ब्रूनो म्हणाला, दार आपटल्यासारखं वाटतं. ओरेस्तेंनी विचारलं, लिदियाचा जुना आवाज रेकॉर्डवरून घेऊ? लिदिया म्हणजे टेप नव्हे, ब्रूनो म्हणाला. एखादी तरुण गायिका? यावर त्यानं पोहे खायला घेतले.

ओरेस्ते एकटेच वाजवू लागले. तीन, दोन, दोन. सात मात्रा कानावर पडल्या की माझा हात आपोआप चालायला लागतो. चिंचवडला शाळेच्या वयात सहा-सात वर्षं तबला शिकले, त्याची ही खोड. पहिल्या मात्रेला हात बाजूला हलवायचा, चौथीला टाळी, सहावीला टाळी. ब्रूनो माझ्याकडे बघत राहिला आणि त्यानं इटालियनमध्ये काहीतरी विचारलं.

"तो म्हणतो, ह्या बाई एक का फेकून देतात?" ओरेस्तेंनी सांगितलं. दोघांनाही वाटलं होतं माझा ताल चुकतोय.

मला हसू आलं. आमच्याकडे ह्याला रूपक म्हणतात, मी म्हटलं. बाकीच्या तालांत समेवर टाळी असते, सगळा भार तिथं येतो. रूपकाची सम मात्र खाली आहे, रिकामी. तिथं टाळी द्यायची नाही, हात मोकळा सोडायचा. डग्गाही तिथं घुमत नाही. लहानपणी मला ती सम सापडायची नाही आणि मी रडकुंडीला यायचे. आमचे सर म्हणायचे, "अगं, रिकामी आहे म्हणजे नाही असं थोडंच? येतात सगळे तिथंच."

ओरेस्तेंनी हे ब्रूनोला सांगितलं. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी पहिल्या मात्रेवर काहीच वाजवलं नाही. दोन्ही हात वर, आणि नुसती शांतता. पुढच्या आवर्तनात पुन्हा. ब्रूनोनं बशी खाली ठेवली. कितीतरी आवर्तनं तो नुसता ऐकत होता. मग त्यानं कीबोर्ड पेटीतून काढला आणि दुसऱ्या मात्रेवर आत आला. त्या शेडमध्ये त्या दुपारी प्रत्येक सातात एकदा लिदिया आली, हे मी अगदी शांत डोक्यानं लिहितेय.

वाजवून झाल्यावर ब्रूनो म्हणाला, "सी." म्हणजे हो. ओरेस्तेंनी डोळे पुसले आणि लगेच माझ्याकडे वळले. युक्ती माझी, तेव्हा या गाण्यापुरती मीही बँडमध्ये, आणि तीन मतं हवीत. शिवाय कंपामुळे त्यांची मोजणी मध्येच सुटायची; सभेत मी समोर बसून हातानं ताल दाखवायचा.

घरी मंदार म्हणाला, "अगं, परमिट रिन्यूअल तोंडावर आहे. फोटोबिटो येतील कुठंतरी. बघ बाई, विचार कर." त्याचंही खोटं नव्हतं. मी ओरेस्तेंना तसं सांगितलं.

"नाही म्हणायचा हक्क आहेच," ते म्हणाले. "मग गाणं होणार नाही, एवढंच."

यापेक्षा त्यांनी दमदाटी केली असती तर बरं. मी रात्री परमिटचे कागद काढून वाचले. खुर्चीवर बसून हात हलवायला कुठंही मनाई नव्हती. बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा गेटवर बसायला त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं, हेही आठवलं. मंदारला म्हटलं, "मी जाणारे. ईरालाही नेतेय." तो म्हणाला, "मग डबा काय नेणार आहात?"

टिलबर्गचं सभागृह आम्ही पोचलो तेव्हा चकचकीत होतं. तरी ओरेस्तेंनी झाडू मागून घेतला. तिथल्या व्यवस्थापकाला आपला अपमान झाला असं वाटलं, तो समजावत राहिला, आणि दोघं म्हातारे आणि ईरा स्वच्छ फरशी झाडत राहिले. मग पोलिश बायकांनी आणलेलं सूप, मोरोक्कन ब्रेड आणि माझे मेथीचे पराठे असं जेवण झालं. भाषणं झाली. आणि मग सात तोंडं.

पहिली काही आवर्तनं लोक गोंधळले. दर वेळी गाणं एका क्षणापुरतं नाहीसं व्हायचं आणि परत यायचं. मी पुढच्या रांगेत बसून हात हलवत होते, ओरेस्तेंची नजर माझ्या हातावर. मग मागून कोणीतरी त्या रिकाम्या जागेत टाळी दिली. पुढच्या वेळी दहा जणांनी. आणि मग सगळ्या सभागृहानं. बिचाऱ्यांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, जागा आपल्यासाठीच ठेवलीय. मी ब्रूनोकडे बघितलं. त्यानं पट्ट्यांवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

त्याच वेळी ओरेस्तेंच्या डाव्या हातातली काठी निसटली आणि घरंगळत मंचाखाली गेली. ते थांबले नाहीत. डावा हात मांडीवर थरथरत होता, उजव्यानं सहा मात्रा, आणि सातातली पहिली सभागृहाची. ते आता माझ्याकडे बघतही नव्हते. ब्रूनोकडे बघत होते, रागानं नाही, विनवणीनंही नाही. सगळ्यांचं हो येईपर्यंत थांबायची ज्यांना सवय असते त्यांच्यासारखं. मला वाटलं, संपलं सगळं. त्या एका हाताच्या जोरावर किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ब्रूनोनं मान खाली घातली, हात वर घेतले, आणि दुसऱ्या मात्रेवर परत आत आला.

नंतर पेटी बंद करताना तो कुरकुरला. ओरेस्तेंनी मला त्याचं बोलणं सांगितलं: जागा तिच्यासाठी ठेवली होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तिनं स्वतःची खुर्ची कधी राखून ठेवली होती का? कोणी उभं दिसलं की द्यायची."

त्याच आठवड्यात आम्ही सुट्टीला भारतात गेलो. तिथं असतानाच गल्लीतल्या एका बाईंचा मेसेज आला, ओरेस्ते झोपेत गेले. वेळापत्रकाची मागणी मान्य झाली, पण ती त्यानंतर.

म्हणून ओरेस्ते मला दिसतात ते त्या रविवारचेच. सभा संपवून लोक गोदामाच्या गेटकडे निघाले. ईराची दुसऱ्या दिवशी शाळा, म्हणून आम्ही दोघी स्टेशनची बस पकडली. बस गेटवरून गेली. नारिंगी जाकिटांच्या गर्दीत ओरेस्ते लोखंडी कठड्याला टेकून उभे होते, डावा हात कोटाच्या खिशात, उजव्या हातातल्या काठीनं कठड्यावर सात मात्रा चालू. शेजारी ब्रूनो, पेटी पायांत धरून. लोक पहिल्या मात्रेवर टाळी देत होते, जोरात, हसत. आणि प्रत्येक वेळी, बरोबर त्याच क्षणी, ओरेस्तेंची काठी वर उचलली जाऊन हवेत थांबत होती.